कोळसा सरकारचा, पण करार कुणाच्या बाजूचा?

काही वर्षांपूर्वी एका औष्णिक वीज केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागात मी अख्खी दुपार काढली होती. पावसाळ्याचे दिवस होते. टिप्लरवर वॅगन उलटी होत होती, ओला कोळसा भसाभसा खाली येत होता आणि पुढे सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली कंत्राटी माणसं त्यातले दगड हाताने वेचून बाजूला टाकत होती. एक दगड तर इतका मोठा, की दोघांनी मिळून तो खाली ओढला. बाजूला पडलेल्या त्या ढिगाकडे बोट दाखवत तिथला अभियंता म्हणाला, "याचे पैसे आपण कोळशाच्या भावाने भरलेत. रेल्वेचं भाडंसुद्धा." त्याच्या बोलण्यात चीड नव्हती. रोजचंच झालेलं सांगावं, तसं त्याने ते सांगितलं.

मी त्याला विचारलं, परत का पाठवत नाही? तो म्हणाला, पाठवायचा तर दुसरा कोळसा आणायचा कुठून?

त्याच्या या उत्तरात एक मोठा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि त्याकडे आपलं म्हणावं तितकं लक्ष गेलेलं नाही. देशातला बहुतेक कोळसा काढणाऱ्या कोल इंडियासारख्या ज्या कंपनीची मालकी मुख्यतः सरकारची आहे, जिला कायद्यानेच मक्तेदारी मिळालेली होती आणि जिचा माल घेतल्याशिवाय समोरच्याला गत्यंतर नाही, तिच्या व्यापारी अधिकारांना मर्यादा कोण घालणार? 'कंपनी आपली, म्हणजे जनतेची आहे,' एवढं उत्तर पुरेसं आहे का? माझ्या मते नाही. कंपनी जनतेची असली म्हणून तिच्या करारातलं प्रत्येक कलम जनहिताचं ठरत नाही. हा फरक आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्टपणे मांडला. तो निकाल वकिलांच्या वर्तुळाबाहेर पोचला नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण त्याचा संबंध थेट आपल्या वीजबिलाशी आहे.

बिल हातात घेऊन पाहा. त्यात 'इंधन समायोजन आकार' नावाची एक ओळ असते. वीज कायदा, २००३ च्या कलम ६२(४) नुसार वीजदर सामान्यतः वर्षातून एकदाच बदलता येतो. अपवाद एकच, इंधन अधिभाराच्या सूत्राचा. म्हणजे इंधन महागलं किंवा त्याचा खर्च वाढला, तर तो वर्षाच्या मधेच ग्राहकाकडून वसूल करता येतो. आता कोळसा कागदावर एका प्रतीचा आणि भट्टीत दुसऱ्याच प्रतीचा निघाला, तर काय होतं ते बघू. जानेवारी २०१२ पासून आपल्याकडे कोळशाची प्रतवारी उष्मांकावर होते. जी-१ ते जी-१७ अशा सतरा प्रती आहेत आणि बहुतेक दोन प्रतींमधलं अंतर किलोमागे ३०० किलोकॅलरींचं आहे. जी-१० म्हणजे ४,३०१ ते ४,६०० आणि जी-१२ म्हणजे ३,७०१ ते ४,०००. बिल जी-१० चं आलं आणि माल जी-१२ चा निघाला, तर दोन्हींचा मध्य धरून तीच वीज बनवायला साधारण १५ टक्के जास्त कोळसा जाळावा लागतो. चार हजार टनांच्या एका रेकमागे, म्हणजे एका मालगाडीमागे, सहाशे टन जादा. त्याचं भाडं, त्याची राख, बॉयलरची झीज हे सगळं वेगळंच. फुगलेला खर्च किती मान्य करायचा हे वीज नियामक आयोग तपासतो, पण जो मान्य होतो तो शेवटी त्या एका ओळीत येऊन बसतो. कोळशाच्या करारावर आपली सही नसते, पण पैसे आपण भरतो.

म्हणूनच २०१२ साली जे घडलं त्याला महत्त्व आहे. महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनी, म्हणजे आपली महानिर्मिती, भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर तपासणाऱ्या संस्थेकडे, तक्रार घेऊन गेली. तक्रार होती कोल इंडिया आणि तिच्या उपकंपन्यांविरुद्ध. त्यात नागपूरला मुख्यालय असलेली वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) आणि ओडिशातली महानदी कोलफील्ड्स या दोघी होत्या. गुजरातच्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीनेही तशीच तक्रार केली. म्हणजे तक्रार करणारे सरकारी आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेही सरकारी. म्हणणं थोडक्यात असं होतं: इंधन पुरवठा करार आमच्याशी वाटाघाटी न करता लादला जातो, कोळशाचा नमुना कुठे आणि कुणासमोर घ्यायचा याचे नियम विक्रेत्याच्या सोयीचे आहेत, प्रत घसरली किंवा दगड आले तर दाद मागायची वाट अरुंद आहे.

आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये कोल इंडियाला दोषी ठरवून १,७७३.०५ कोटी रुपयांचा दंड केला. प्रक्रियेच्या मुद्द्यावर अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये तो आदेश रद्द केला आणि प्रकरण परत आयोगाकडे पाठवलं. मार्च २०१७ मध्ये आयोगाने पुन्हा तोच निष्कर्ष काढला, पण दंड ५९१.०१ कोटींवर आणला. यापुढची लढाई रकमेवरून उरली नाही. स्पर्धा कायदा आम्हाला लागूच होत नाही, असं म्हणत कोल इंडिया सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली.

कंपनीची बाजू हलक्यात घेण्यासारखी नव्हती, हे मी आधीच कबूल करतो. ती म्हणत होती, १९७३ च्या कायद्याने कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं ते राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ब) मधलं तत्त्व अमलात आणण्यासाठी: समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचं वाटप सर्वांच्या हिताला पोषक व्हावं, यासाठी. आम्ही तोट्यातल्या भूमिगत खाणी चालवतो, कारण तिथे माणसं कामाला आहेत. कोळसा कुणाला आणि किती द्यायचा हे आमच्या हातात नाही, सरकारचं धोरण ठरवतं. बाजारासाठी केलेला कायदा बाजारात नसलेल्याला कसा लावणार?

१५ जून २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे म्हणणं फेटाळलं. न्यायालयाने कायद्याचा मजकूरच समोर ठेवला. स्पर्धा कायद्याच्या कलम १९(४) मध्ये वर्चस्व तपासताना काय काय पाहायचं याची यादी आहे आणि तिच्यात खुद्द संसदेने लिहून ठेवलंय, की ते वर्चस्व एखाद्या कायद्यामुळे किंवा सरकारी कंपनी असल्यामुळे मिळालेलं असलं तरी ते मोजायचं. सरकारी खात्यांनासुद्धा हा कायदा लागू आहे. सार्वभौम कामं आणि अणुऊर्जा, चलन, संरक्षण, अंतराळ हे विषय तेवढे वगळलेले आहेत. कोळसा त्या यादीत नाही. शिवाय राष्ट्रीयीकरणाचा तो कायदाच २०१८ मध्ये रद्द झालेला होता. दंड योग्य की अयोग्य यात न्यायालय त्या निकालात शिरलं नाही. त्याने ठरवला तो त्याआधीचा प्रश्न. सर्वांचं हित साधण्याचं काम तुमच्याकडे आहे, म्हणून ते तुम्ही कसं करता हे कुणी तपासायचंच नाही, असं होत नाही.

मला हा निकाल नवा वाटत नाही. त्याची मुळं आपल्याच न्यायालयीन परंपरेत साठ वर्षं मागे जातात, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

१९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(६) मध्ये भर पडली. सरकारला एखादा व्यापार पूर्णतः किंवा अंशतः स्वतःकडे घेता येईल आणि व्यापाराच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली त्याला आव्हान देता येणार नाही, अशी ती तरतूद. दहा वर्षांनी ओडिशाने तिच्या आधारे तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारजमा केला. गोंदिया, गडचिरोलीच्या वाचकाला तेंदूपत्ता काय हे सांगायला नको. या प्रकरणाचा निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिला. मक्तेदारी त्यांनी वैध ठरवली. मात्र घटनेचं संरक्षण मक्तेदारी निर्माण करणाऱ्या मूळ, अत्यावश्यक तरतुदींपुरतंच आहे, असं त्यांनी सांगितलं. तिच्या आजूबाजूने येणाऱ्या बाकीच्या गोष्टींना ते कवच मिळत नाही, त्यांना नेहमीच्या कसोट्यांना उतरावं लागेल. सरकारने नेमलेले 'एजंट' प्रत्यक्षात स्वतःच्या फायद्यासाठी धंदा करत होते. ती व्यवस्था न्यायालयाने टिकू दिली नाही. मग १९६९ मध्ये त्याच राज्याचं, त्याच तेंदूपत्त्याचं दुसरं प्रकरण आलं. सरकार ठरावीक जुन्या खरेदीदारांनाच पुढे संधी देत होतं. न्यायालयाने तेही मोडून काढलं: मक्तेदारी घेतलीत ना लोकांसाठी, मग ती मूठभरांच्या फायद्याला जुंपता येणार नाही.

कोळशाला हेच लावून पाहा. देशातला कोळसा एका सरकारी कंपनीने काढावा, हा झाला मक्तेदारीचा गाभा. नमुना घेताना खरेदीदाराचा माणूस हजर असावा की नसावा, दगडांचं वजन बिलातून वजा व्हावं की नाही, पुरवठा कमी पडला तर भरपाई किती, हा कुठल्याच अर्थाने गाभा नाही. या साध्या व्यापारी अटी आहेत. त्यांच्यावर घटनेचं पांघरूण घालता येत नाही.

१९७९ चा आणखी एक निकाल मुंबईच्या विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेतून आला. विमानतळ प्राधिकरणाने निविदेत अनुभवाची अट घातली आणि ती पूर्ण न करणाऱ्यालाच कंत्राट दिलं. त्यावर न्यायमूर्ती भगवतींनी जे तत्त्व मांडलं, ते आजही प्रत्येक सरकारी कंपनीच्या खरेदी-विक्रीला लागू होतं. खासगी मालक आपली जागा मनाला येईल त्याला देऊ शकतो, सरकारला ते स्वातंत्र्य नाही. कंपनीचा सदरा घातला म्हणून सरकारची समानतेच्या अनुच्छेद १४ मधून सुटका होत नाही. अनुच्छेद २९८ सरकारला व्यापार करायचा अधिकार देतो, पण व्यापारी झालं तरी ते सरकारच राहतं.

मग स्पर्धा कायदा कशाला हवा, अनुच्छेद १४ पुरेसा नाही का, असं कुणी विचारेल. नाही पुरत. १९८६ मध्ये एका सरकारी जलवाहतूक कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की दोन पक्षांची ताकद अगदीच असमान असेल, तर जाचक अट रद्द करता येते. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितलं, की दोन्ही बाजू व्यावसायिक असतील आणि करार व्यापारी असेल, तर हे तत्त्व कदाचित लागू होणार नाही. वीज कंपनी कागदोपत्री व्यावसायिकच. तिच्याकडे वकील आहेत, वित्त विभाग आहे. पण कोळशाच्या टेबलावर बसल्यावर तिची अवस्था नोकरीच्या करारावर निमूट सही करणाऱ्या त्या कर्मचाऱ्यासारखीच असते. करार कायदा तिला सज्ञान व्यापारी समजतो, म्हणून तिचं संरक्षण करत नाही. ही फट स्पर्धा कायदा भरून काढतो, कारण तो सहीच्या पलीकडे जाऊन विचारतो, सही न करण्याची सोय होती का?

नव्हती, याचा पुरावा २०१२ च्याच घडामोडींत आहे. नव्या वीज प्रकल्पांसमोर कोल इंडियाने जो नमुना करार ठेवला, त्यात ठरलेला पुरवठा न केल्यास द्यायचा दंड होता ०.०१ टक्के. शंभर रुपयांवर एक पैसा. तोही लगेच नाही, तीन वर्षांनंतर. एनटीपीसीसारखी बलाढ्य सरकारी कंपनीसुद्धा त्यावर सही करायला तयार झाली नव्हती. पुढे त्या अटी बदलल्या, त्या बदलण्यासाठी वरून दबाव यावा लागला. दोन बाजू खरोखर समोरासमोर बसून भांडल्या असत्या, तर शंभराला एक पैसा हा आकडा कागदावर उतरला असता असं मला वाटत नाही.

इथवर मी कंपनीच्या विरोधात बोलल्यासारखं वाटेल. पण गोष्ट एवढीच नाही, आणि एवढीच सांगितली तर ती अन्यायाची होईल. या कंपनीवर दोन्ही बाजूंनी ओढाताण होते.

२००० च्या सुरुवातीपासून कोळशाचे दर ठरवण्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं. मग कोल इंडियाने ई-लिलाव सुरू केले: जो जास्त बोली लावेल त्याला कोळसा. डिसेंबर २००६ मध्ये अशोका स्मोकलेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती योजना अवैध ठरवली. मर्यादित आणि अत्यावश्यक माल विकताना सरकारी मक्तेदाराला फक्त जास्तीत जास्त भावाच्या मागे जाता येणार नाही, लहान उद्योगांचं काय होतं हेही त्याने पाहिलं पाहिजे, असा त्याचा रोख होता. त्यातून ऑक्टोबर २००७ चं नवं कोळसा वितरण धोरण आलं. बहुतेक कोळसा पुरवठा कराराने आणि वार्षिक उत्पादनाच्या साधारण १० टक्के लिलावाने विकायचा, अशी त्याची रचना होती.

हे झाल्यावर तीन वर्षांत सरकारने कंपनीचे १० टक्के शेअर बाजारात विकले. नोव्हेंबर २०१० मध्ये शेअर बाजारात कोल इंडियाची नोंदणी झाली आणि सामान्य गुंतवणूकदारांनी रांगा लावल्या. आता मालक एकटं सरकार राहिलं नाही. आज सरकारकडे ६३ टक्क्यांहून थोडे जास्त शेअर आहेत, बाकीचे इतरांकडे. २०१२ मध्ये टीसीआय हा परदेशी गुंतवणूक निधी न्यायालयात गेला. त्याची तक्रार महानिर्मितीच्या अगदी उलटी होती: संचालक मंडळ सरकारच्या सांगण्यावरून कोळसा स्वस्तात विकतं आणि आम्हा भागधारकांचं नुकसान करतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने राष्ट्रपतींच्या नावाने निर्देश काढून कंपनीला वीज प्रकल्पांशी करार करायला लावले, कारण कंपनीचं मंडळ स्वतःहून ठरावीक पुरवठ्याची हमी द्यायला तयार नव्हतं.

या खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्याचा जरा विचार करा. न्यायालय म्हणतं, फक्त नफ्याकडे बघू नका. भागधारक म्हणतो, नफा का सोडता? मंत्रालय म्हणतं, कोळसा याला द्या, त्याला द्या, आत्ता द्या. स्पर्धा आयोग म्हणतो, करार एकतर्फी आहे. यांपैकी कुणीच चूक नाही. पण यातलं कुणाचं म्हणणं आधी ऐकायचं, हे ठरवणारा नियम कुठे लिहिलेला नाही. अशा वेळी अधिकारी आपली कातडी वाचवणारी वाट धरतो. करारात स्वतःची जबाबदारी कमीत कमी राहील अशी कलमं घालतो. शंभराला एक पैसा दंड मला त्या भीतीतूनच आलेला दिसतो. लोभही असेल, पण भीती जास्त.

म्हणून माझं म्हणणं असं, की मर्यादा कंपनीला हवीच, पण तिच्या मालकालाही हवी. आणि ती आधी घातलेली हवी, गुन्हा घडून दहा वर्षं उलटल्यावर लावलेल्या दंडाच्या रूपात नको.

दंडाचाच विचार करू. ५९१ कोटी रुपये कोल इंडियाने भरले तर ते कुणाचे? नफ्यातून गेले तर सरकारच्या लाभांशातून, म्हणजे आपल्या तिजोरीतून. ते पैसे जाणार कुठे? भारताच्या संचित निधीत, म्हणजे पुन्हा त्याच तिजोरीत. ज्या वीज कंपनीने दगड जाळले, तिला त्यातला एक रुपया मिळत नाही. ज्या ग्राहकाने इंधन समायोजन आकार भरला, त्यालाही नाही. भरपाई मागायची, तर कायद्यात वेगळा अर्ज आहे आणि त्यासाठी वेगळी झुंज. खासगी कंपनीला दंडाची धास्ती असते, कारण पैसा मालकाच्या खिशातून जातो. सरकारी कंपनीचा दंड बहुतांशी एका खिशातून दुसऱ्यात जातो आणि कलमं लिहिणारा माणूस तोवर निवृत्त झालेला असतो. आयोगाच्या आदेशातला मोलाचा भाग दंड हा नव्हताच. करारात दुरुस्त्या करा, नमुना घेण्याच्या पद्धतीत खरेदीदाराशी सल्लामसलत करा, हे जे त्याने सांगितलं त्याला जास्त किंमत आहे. ते सांगायला मात्र तक्रार, चौकशी, अपील, फेरसुनावणी आणि सर्वोच्च न्यायालय असा फेरा घ्यावा लागला. २०१२ ची तक्रार, २०२३ चा निकाल, आणि तोही कायदा लागू होतो का एवढ्याच प्रश्नावर.

विजेच्या बाजूला हे असं नाही. वीज कंपनीला दर वाढवायचा तर वीज नियामक आयोगापुढे याचिका करावी लागते, ती जाहीर होते, सुनावणी होते, कुणीही ग्राहक उठून हरकत घेऊ शकतो. मी अशा सुनावण्या पाहिल्या आहेत. त्या आदर्श नसतात, तरी तिथे आकड्यांबद्दल कंपनीला तोंड उघडावं लागतं. पण ज्या कोळशावर त्या दराचा मोठा वाटा उभा आहे, त्याचा भाव कोल इंडियाचं मंडळ ठरवतं आणि अधिसूचना काढतं. याचिका नाही, सुनावणी नाही. कोळसा नियंत्रक आहे, पण त्याचं काम मुख्यतः प्रतवारीचं. नियामक आणायचा प्रयत्न झाला होता. कोळसा नियामक प्राधिकरणाचं विधेयक डिसेंबर २०१३ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही विरून गेलं. तेव्हापासून त्या जागेवर कुणी नाही. घराच्या तळमजल्याला कुलूप नाही आणि आपण पहिल्या मजल्यावर पहारा बसवलाय.

नमुना कराराची कलमं सही होण्याआधी तपासायचा अधिकार असलेला नियामक हवा, हे माझं ठाम मत आहे. भाव त्याने ठरवू नये, तो वेगळा आणि अवघड विषय आहे. पण प्रत कुणी तपासायची, दगडांचं आणि ओलाव्याचं काय, पुरवठा चुकला तर भरपाई किती, वाद झाला तर तो किती दिवसांत मिटायचा, एवढं त्याच्या हाती असलं तरी पुष्कळ. सरकारच्या बाजूने दुसरी गोष्ट: मंत्रालयाला कंपनीकडून व्यापारापलीकडचं काही करून घ्यायचं असेल, म्हणजे तोट्यातली खाण चालू ठेवणं, एखाद्या उद्योगाला कमी भावात कोळसा देणं, तर तो निर्देश लेखी असावा, जाहीर असावा आणि त्याचा खर्च किती हे त्यातच लिहिलेलं असावं. फोनवरून झालेल्या सूचनेला कायद्यात काही स्थान नाही. तरीही अशाच सूचनांवर सरकारी कंपन्या चालत असल्याचं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक असतो. आधीच सरकारी कंपनीच्या मानेवर कॅग आहे, दक्षता आयोग आहे, संसदेच्या समित्या आहेत, उच्च न्यायालयं आहेत. त्यात आणखी एक. अशाने कुठला अधिकारी निर्णय घेईल? आक्षेपामागचं दुखणं खरं आहे. पण कॅग आणि दक्षता आयोग अधिकाऱ्याने काय केलं ते नंतर तपासतात. काय करावं हे आधी सांगणारा कुणी नसतो. नियामकाने मान्य केलेला करार हातात असेल, तर अधिकारी उद्या कुणालाही सांगू शकेल, की मी या चौकटीत वागलो. लेखी निर्देश फायलीत असेल, तर भागधारकालाही सांगता येईल, की हा तोटा माझा नाही, मालकाने मागून घेतला. मर्यादा स्पष्ट असली, तर तिच्या आतलं स्वातंत्र्यही स्पष्ट होतं. आज दोन्ही धूसर आहेत.

दुसरा आक्षेप असा, की आता खासगी कंपन्या आल्या, प्रश्न आपोआप सुटेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०४ खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं, २०१५ मध्ये नवा कायदा आला, २०२० पासून व्यावसायिक खाणकामाचे लिलाव सुरू झाले. बदल खरा आहे. तरीही देशातल्या एकूण कोळशापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास आजही कोल इंडियाच काढते. शिवाय वीज केंद्र काही खाण निवडून बसत नाही. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं केंद्र तिथे उभं राहिलं, कारण शेजारी कोळसा होता. आज लांबून दुसऱ्याचा कोळसा आणायचा, तर रेल्वेभाडंच त्याला खाऊन टाकेल. एवढी जड वस्तू, इतक्या लांबवर, एका रेल्वेमार्गाने न्यायची असते तिथे 'दुसरीकडून घे' हा सल्ला कागदावरच राहतो. एखाद्या भागात उद्या खासगी खाणमालक एकटा विक्रेता झाला, तर हेच प्रश्न त्यालाही विचारावे लागतील.

आणि इतकं सगळं असूनही सरकारला मनापासून वाटत असेल, की कोळशाला स्पर्धा कायद्याचा जाच नको, तर त्यासाठी दार कायद्यातच आहे. कलम ५४ प्रमाणे केंद्र सरकार सार्वजनिक हितासाठी एखाद्या वर्गातल्या उद्योगांना ठरावीक मुदतीची सूट देऊ शकतं. हे दार सरकारला चांगलं माहीत आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेल आणि वायू क्षेत्रातल्या केंद्रीय सरकारी कंपन्यांना विलीनीकरणाच्या मंजुरीतून पाच वर्षांची सूट याच कलमाखाली दिली गेली, आणि दोन-तीन महिन्यांत ओएनजीसीने हिंदुस्तान पेट्रोलियम विकत घेतली. त्या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात. पण अधिसूचना निघाली, तिच्यावर तारीख होती, मुदत होती, आणि खाली सही कुणाची आहे हे कुणालाही वाचता येत होतं. कोळशासाठीही सूट हवी असेल, तर तशीच मागावी: कुठल्या कलमांतून, किती वर्षांसाठी, कुणाच्या भल्यासाठी, हे राजपत्रात छापून. मग वीजग्राहक, वीज कंपन्या आणि संसद तिच्यावर बोलू शकतील.

त्या दुपारी निघताना मी पुन्हा पट्ट्यापाशी गेलो होतो. पाळी बदलत होती. नवी माणसं येऊन उभी राहिली आणि आधीच्यांनी वेचलेल्या दगडांचा ढीग एका लोडरने उचलून कुंपणापाशी नेऊन टाकला. तिथे तसले आणखी ढीग होते, काहींवर गवत उगवलेलं.